कोण कोणास म्हणाले? सत्ता-संघर्षाच्या इंग्रजी कविता घरी वाचताना

मराठी शाळेत आम्हाला दोन प्रश्न हमखास यायचे. एक, ‘खालील ओळींतील अलंकार ओळखा’. दुसरा, ‘कोण कोणास म्हणाले?’ पहिल्याचा दबदबा मोठा, कारण उपमा आणि उत्प्रेक्षा यांतला फरक पाठ करावा लागे. दुसरा म्हणजे फुकटचा गुण. पंचवीस वर्षांनी, इकडे इंग्लंडमधल्या स्लाउमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लेकीची जीसीएसईची (इथल्या दहावीसारख्या परीक्षेची) वही उघडली आणि लक्षात आलं की दोघांचा मान आम्ही उलटा ठेवला होता.

वहीत तिनं लिहिलं होतं, ‘शेली अनुप्रास वापरतो. त्यामुळे वाचकाला पुढे वाचावंसं वाटतं.’ समासात बाईंचे दोनच शब्द: ‘सो व्हॉट?’

खरं तर हा प्रश्न मलाच होता. आदल्या रविवारी तिच्या शेजारी बसून ‘हा बघ अनुप्रास, ही बघ उपमा’ करत ओळींना रंग फासले होते ते मीच.

ज्यांच्या घरी असं वही-प्रकरण चालू आहे त्या आईबाबांसाठी आणि इंग्रजी कविता पहिल्यांदाच नीट वाचायला घेणाऱ्या कुणासाठीही हा लेख आहे. इथल्या एक्यूए मंडळाच्या जीसीएसई इंग्रजी साहित्यात ‘पॉवर अँड कॉन्फ्लिक्ट’ नावाचा पंधरा कवितांचा संच आहे. परीक्षेत एक कविता छापून देतात, दुसरी आपण आठवणीतून निवडायची आणि दोघींची तुलना करायची. गुण ३०. त्यातले १२ कवितेची समज आणि नेमके दाखले यांना, १२ भाषा-घाट-रचना यांना आणि ६ काळाच्या संदर्भाला. दुसऱ्या मंडळांचे संच वेगळे असतात, तेव्हा शाळेत विचारून घ्या. मी इथे जुन्या कविताच घेतल्या आहेत: शेली, ब्लेक, ब्राउनिंग, टेनिसन, ओवेन. त्या पचल्या की नव्या जड जात नाहीत.

पायरी पहिली: पेन ठेवा, आवाज काढा

कविता दोनदा मोठ्यानं वाचा. ओळीच्या शेवटी थांबू नका, विरामचिन्ह येईल तिथे थांबा. अडलेल्या शब्दांना पहिल्या वाचनात हात लावायचा नाही. दुसऱ्या वाचनानंतर चार-पाच शब्द पाहिले तरी पुरे होतात.

मग मुलाला सांगा, ‘आता ही कविता मला मराठीत सांग.’ त्याची मराठी मोडकी असेल तर आणखी चांगलं. इंग्रजीत विचारलंत तर उजळणीच्या वेबसाइटवरचं वाक्य जसंच्या तसं येतं, ‘शेली शोज द ट्रान्झियन्स ऑफ पॉवर’. मराठीत त्याची नक्कल करता येत नाही. आमच्याकडे शेलीच्या ‘ओझिमँडियस’चं उत्तर आलं ते असं: ‘एक किंग होता. तो म्हणाला माझं सगळं बघा आणि घाबरा. आणि आता तिथे काहीच नाहीये. फक्त वाळू.’ मी म्हटलं, ‘अगं, झाली की कविता!’ तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

पायरी दुसरी: कोण कोणास म्हणाले, आणि गप्प कोण राहिलं?

सगळा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ. सत्तेच्या कवितेत बोलायची मुभा कुणाला आहे इथूनच सत्ता कळते. तेव्हा तीन प्रश्न: बोलतंय कोण? ऐकतंय कोण? आणि जिच्याबद्दल किंवा ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांना एक तरी वाक्य मिळालंय का?

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (१८४२) घ्या. इटलीतल्या फेराराचा ड्यूक पाहुण्याला भिंतीवरचं चित्र दाखवतोय. चित्र त्याच्या आधीच्या बायकोचं, ती आता नाही. पाहुणा आलाय तो एका काउंटचा माणूस म्हणून, त्या काउंटच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला. शेवटाकडे ड्यूक हुंड्याचा विषय काढतो. तुमचे मालक उदार आहेत, माझी रास्त मागणी काही ते नाकारणार नाहीत; अर्थात मला मुख्य म्हणजे मुलगीच हवी आहे. हे वाक्य आपल्यापैकी कितीतरी जणांनी कुठल्याशा दिवाणखान्यात पोह्यांच्या बशा समोर असताना ऐकलेलं आहे. ‘आमचं काही मागणं नाही हो, तुम्ही तुमच्या मुलीला द्याल ते द्या.’ इंग्रज मास्तरांना इथला ताण समजावून सांगावा लागतो, मराठी घरात तो आपोआप कळतो. तुम्हाला इंग्रजी कविता ‘येत नाही’ असं वाटत असेल तर या जागी तुम्ही दोन पावलं पुढे आहात.

आता प्रश्न लावू. बोलतोय फक्त ड्यूक, सलग ५६ ओळी. ऐकतोय तो मध्यस्थ, एका शब्दाचाही धनी नाही. आणि डचेस भिंतीवर, चित्रात, तीही पडद्याआड. तो पडदा सारण्याचा हक्क फक्त आपला, असं ड्यूक बजावतो. जिवंतपणी ती कुणाकडेही पाहून हसायची. कुणी चेरीची फांदी आणून दिली, मावळतीचा प्रकाश पडला, पांढऱ्या खेचरावर बसून फेरी मारली, सगळ्याचा तिला सारखाच आनंद. आणि आपण दिलेलं ९०० वर्षांचं घराण्याचं नाव तिनं त्याच रांगेत बसवलं, हे त्याचं दुखणं. तिला समजावून सांगणं म्हणजे वाकणं, आणि मी वाकत नाही, असं तो म्हणतो. मग येतं: ‘आय गेव्ह कमांड्स, देन ऑल स्माइल्स स्टॉप्ड टुगेदर.’ हुकूम काय होता ते सांगत नाही. सांगायची गरज नाही, हीच त्याची सत्ता.

या प्रकाराला ड्रॅमॅटिक मोनोलॉग म्हणतात. मराठीत काही जण ‘स्वगत’ म्हणून मोकळे होतात, ते बरोबर नाही. स्वगत स्वतःशी असतं. इथे समोर माणूस बसलाय आणि ड्यूक त्याला काहीतरी ऐकवतोय. काय ऐकवतोय? माझ्या मते, नव्या मुलीला आधीच सांगून ठेवा, कसं वागायचं ते. दुसरा पक्ष म्हणतो की तो बढाईच्या भरात घसरला. दोन्ही बाजूंनी लिहिता येतं आणि परीक्षकाला दोन्ही चालतात, दाखला मात्र हवा.

तंत्र इथे आपसूक सापडतं. कविता दोन-दोन ओळींच्या यमकांत आहे, पण मोठ्यानं वाचताना ती यमकं कानाला जाणवतच नाहीत, कारण वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं. बाहेरून सहज गप्पा, आत घट्ट बांधलेली चौकट. ड्यूकही तसाच आहे. आणि पहिले दोन शब्द पाहा, ‘दॅट्स माय’. शेवटचे दोन, ‘फॉर मी’. मधला सगळा माणूस या दोन टोकांत मावतो.

शेलीच्या ‘ओझिमँडियस’ला हाच प्रश्न लावला की वेगळीच गंमत दिसते. तिथे बोलणाऱ्यांची उतरंड आहे. सगळ्यात वर ‘मी’. त्याला एक प्रवासी भेटला. प्रवाशानं वाळवंटात मोडका पुतळा पाहिला. पुतळ्याचा चेहरा घडवला शिल्पकारानं. आणि तळाच्या मडक्यात राजा, चौथऱ्यावरच्या दोन ओळींपुरता. राजांचा राजा म्हणवणाऱ्याचा शब्द आपल्यापर्यंत तिसऱ्या-चौथ्या हातानं पोचतो. लेकीला मी एवढंच विचारलं, ‘ड्यूकला किती ओळी मिळाल्या आणि या राजाला किती?’ ५६ आणि २. तिनं स्वतःहून वहीत लिहिलं. अलंकाराचं नाव त्यात नव्हतं, तरी ते रचनेबद्दलचं वाक्य होतं.

पायरी तिसरी: एकच शब्द धरा, पण घट्ट

विल्यम ब्लेकची ‘लंडन’ (१७९४) सोळा ओळींची. एक माणूस रस्त्यानं चाललाय आणि त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं ते सांगतोय. तिच्यातला एकच शब्द घेऊ: ‘चार्टर्ड’. रस्ते चार्टर्ड, थेम्स नदीही चार्टर्ड.

चार्टर म्हणजे सनद. राजानं एखाद्या मंडळीला लिहून दिलेला हक्क. आपल्याला हा शब्द इतिहासाच्या पुस्तकातून ओळखीचा आहे: ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली १६०० साली, आणि ब्रिटिश पार्लमेंटनं तिची मुदत पुन्हा वाढवली १७९३ साली, म्हणजे ही कविता छापली गेली त्याच्या आदल्याच वर्षी. एकाला सनद दिली की उरलेल्यांचा हक्क तेवढा कापला जातो. त्याच काळातल्या टॉमस पेन या राजकीय लेखकानं ‘राइट्स ऑफ मॅन’मध्ये हाच मुद्दा मांडला होता. आता वाहत्या नदीला सनदेत बांधलेली कल्पून पाहा. ब्लेकच्या कच्च्या वहीत आधी ‘डर्टी’ होतं, घाणेरडे रस्ते, घाणेरडी थेम्स. ते खोडून त्यानं ‘चार्टर्ड’ केलं. घाण कुणाचीही असू शकते. सनदेवर मात्र सही असते.

त्याच वहीत ‘माइंड-फोर्ज्ड मॅनॅकल्स’च्या जागी आधी ‘जर्मन फोर्ज्ड लिंक्स’ असं होतं. तेव्हाचं राजघराणं मूळचं जर्मनीतल्या हानोव्हरचं, म्हणजे रोख सरळ राजावर. बदलल्यावर बेड्या मनाच्या भट्टीत घडलेल्या झाल्या. कुणाच्या मनाच्या, हे ब्लेक सांगत नाही. ज्यांना बांधलंय त्यांच्याही असतील. माझ्या मते संचातला हा सगळ्यात भारी शब्दप्रयोग आहे, आणि मुलं तो ‘मेटाफर’ असं लिहून सोडून देतात.

मुलांना आवडणारी आणखी एक गोष्ट. तिसऱ्या कडव्याच्या चार ओळींची पहिली अक्षरं खाली वाचत या: एच, ई, ए, आर. हिअर, म्हणजे ऐक. आणि त्याच्या आधीच्या कडव्याचा शेवटचा शब्दही ‘हिअर’. ब्लेकनं मुद्दाम केलं का, यावर मी पैज लावणार नाही. पण ज्या कवितेत धुराड्यात चढणाऱ्या मुलाची हाक, सैनिकाचा सुस्कारा, तान्ह्याचं रडणं ऐकूच येत राहतं, तिच्यात हे बसतं.

‘कोण कोणास’ इथेही विसरू नका. बोलतोय चालणारा एकटा. बाकीच्यांना वाक्य नाही, फक्त आवाज. चर्च आणि राजवाडा यांना तर आवाजही नाही, नुसत्या भिंती.

असा एकेक शब्द प्रत्येक कवितेत शोधायचा. ‘ओझिमँडियस’मध्ये तो ‘मॉक्ड’. जुन्या इंग्रजीत मॉक म्हणजे नक्कल करणं आणि चेष्टा करणंही. शिल्पकाराच्या हातानं राजाचा चेहरा हुबेहूब उतरवला, आणि उतरवता उतरवता टिंगलही केली. पगार राजाचाच घेऊन.

पायरी चौथी: कान लावा

इंग्रजी छंदाचं नाव निघालं की आपले हातपाय गळतात. खरं तर यमाताराजभानसलगा पाठ असलेल्या माणसानं घाबरायचं कारण नाही. फरक एवढाच की आपल्याकडे लघु-गुरू मात्रांवर ठरतो, इंग्रजीत आघातावर. ‘लगा लगा लगा’ अशी चाल म्हणजे आयँब. शेक्सपिअर, ब्राउनिंग, बहुतेक सगळे याच चालीत बोलतात. उलट भगण, म्हणजे एक गुरू दोन लघु, ‘भारत भारत’ असा, हा झाला डॅक्टिल.

आल्फ्रेड टेनिसनची ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’ या भगणावर धावते. ‘कॅनन टु राइट ऑफ देम, कॅनन टु लेफ्ट ऑफ देम’ म्हणताना टेबलावर बोटं वाजवा. घोडा येतोच. टेनिसननं स्वतः ही कविता १८९० साली मेणाच्या नळकांड्यावर म्हटली होती, ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर मिळतं. खरखर खूप आहे, शब्द निम्मे कळत नाहीत, टापा मात्र कळतात. मुलांना एकदा ऐकवाच.

घटना अशी. क्रिमियाच्या युद्धात, २५ ऑक्टोबर १८५४ रोजी, बालाक्लाव्हाला ब्रिटिश घोडदळाची एक तुकडी समोरच्या रशियन तोफांवर सोडण्यात आली. सेनापती रॅग्लन उंचावर होता. त्याला दिसत होत्या त्या तोफा वेगळ्याच, आणि खाली दरीत असलेल्या लूकनला, म्हणजे घोडदळाच्या प्रमुखाला, त्या दिसतच नव्हत्या. हुकूम मोघम. सहाशेहून जास्त घोडेस्वार भलत्याच दिशेनं गेले. टेनिसन तेव्हा राजकवी. ‘टाइम्स’मधला मजकूर वाचून त्यानं कविता लिहिली आणि ९ डिसेंबरला ती ‘एक्झॅमिनर’ साप्ताहिकात छापूनही आली.

तिच्यात चुकीबद्दल किती शब्द आहेत? ‘समवन हॅड ब्लंडर्ड.’ कुणाकडून तरी चूक झाली. सरकारी निवेदन वाचायची सवय असलेल्या माणसाला ही वाक्यरचना अनोळखी नाही. रॅग्लन नाही, लूकन नाही, नुसता ‘समवन’. आणि सहाशेंच्या तोंडी? काही नाही. प्रत्युत्तर करणं, कारण विचारणं हे त्यांचं कामच नाही, असं कविता आपल्यालाच सांगते. टापांच्या तालात हे इतकं सुरेख वाहून जातं की विचारायचंच राहतं. मला ही कविता आवडते, आणि आवडते याची थोडी शरमही वाटते. लेकीला ती अजिबात आवडत नाही. तिनं तेच लिहिलं: ताल आपल्यालाही हुकूम पाळायला लावतो. मी चहा टाकायला उठले, कारण यात माझी भर घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

विल्फ्रेड ओवेनची ‘एक्स्पोझर’ हिच्या शेजारी ठेवा. पहिलं महायुद्ध, खंदक, बर्फ. इथे घोडा नाही, धाव नाही. आठ कडवी, प्रत्येकाची शेवटची ओळ आखूड, मध्येच पाय अडकावा तशी. ‘बट नथिंग हॅपन्स’ चार वेळा. यमकं जुळता जुळता राहतात: ‘नाइव्ह अस’ला ‘नर्व्हस’. व्यंजनं जुळली, स्वर हुकला. याला पॅरार्‍हाइम म्हणतात, पण नाव आठवलं नाही तरी ‘यमक जुळायला येतं आणि जुळत नाही, तसंच या सैनिकांचं वाट पाहणं’ एवढं लिहिलं तरी चालेल. आणि इथे बोलतंय कोण? ‘आम्ही’. टेनिसनचे गप्प सहाशे इथे बोलायला लागतात, आणि ते विचारतात काय, तर ‘व्हॉट आर वी डुइंग हिअर?’ ओवेन स्वतः त्या खंदकांत होता. तो ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला, युद्ध थांबायला एक आठवडा असताना.

पायरी पाचवी: वळण

प्रत्येक कवितेत एक जागा असते जिथे गाडी रूळ बदलते. ती शोधून तिथे पेन्सिलनं उभी रेघ मारा. ‘ओझिमँडियस’ हे सुनीत आहे, केशवसुतांनी मराठीत रुजवलं तेच चौदा ओळींचं. नेहमीचं वळण आठव्या ओळीनंतर. इथे दहाव्या ओळीपासून राजाला दोन ओळी बोलू दिलंय, ‘लुक ऑन माय वर्क्स, यी माइटी, अँड डिस्पेअर!’ आणि मग बाराव्या ओळीच्या सुरुवातीला तीन शब्दांचं वाक्य: ‘नथिंग बिसाइड रिमेन्स.’ पूर्णविराम. उद्गारचिन्हानंतर लगेच.

पायरी सहावी: काळाचा संदर्भ, मिठाएवढा

३० पैकी ६. मुलं इथे इतिहासाचा निबंध लिहितात. ‘शेली रोमँटिक कवी होता’ या वाक्यानं काहीही मिळत नाही. असा एकच तपशील घ्या, ज्यानं ओळ वेगळी वाचता येईल. ‘लंडन’साठी सनद, ‘चार्ज’साठी टेनिसनचं राजकवी असणं.

एक गैरसमज मात्र सगळ्यांच्या वहीत सापडतो: शेलीनं ब्रिटिश म्युझियममधला, प्राचीन इजिप्तचा राजा रामसेस याचा पुतळा पाहून कविता लिहिली. ओझिमँडियस हे दुसऱ्या रामसेसचंच ग्रीक नाव, इथपर्यंत बरोबर. बेल्झोनी नावाच्या इटालियन गृहस्थानं तो काही टनांचा अर्धपुतळा १८१६ साली थीब्जहून हलवला हेही बरोबर. पण तो लंडनला पोचला १८१८ साली, कविता छापून झाल्यावर. शेलीच्या हाती होती ती पुस्तकातली वर्णनं आणि चर्चा. मित्र होरेस स्मिथबरोबर एकाच विषयावर कविता लिहायची पैज होती, त्यातून ही झाली.

तरी मुलांना घेऊन म्युझियममध्ये जा. प्रवेश फुकट आहे, चौथ्या दालनात तो आहे. त्याचा चेहरा नीट बघा. कवितेतलं थंड हुकमी हसू तिथे कुठेच नाही, उलट तो शांत, किंचित प्रसन्न आहे. शेलीला जुलमी राजा हवा होता, म्हणून त्यानं तो घडवला. ड्यूकनं आपल्याला हवी तशी बायको भिंतीवर ठेवली, त्याचाच हा एक प्रकार म्हणायचा का? हा माझा आगाऊपणा. परीक्षेत लिहू नका.

आणखी एक, फक्त आपल्यापुरतं. ‘ओझिमँडियस’ छापली गेली ११ जानेवारी १८१८ रोजी, तीही ‘एक्झॅमिनर’मध्येच. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढला १७ नोव्हेंबर १८१७ला. लंडनकरांनी त्या रविवारी राजांच्या राजाची वाळू वाचली तेव्हा दुसरा बाजीराव इंग्रजांपुढे पळत होता. शेलीला याचा पत्ता असण्याचं कारण नाही. कवितेचा याच्याशी संबंध नाही. पण पुण्यात वाढलेल्या माणसानं ती तारीख वाचून थोडं थांबू नये असंही नाही.

पायरी सातवी: जोड्या

तुलनेसाठी पंधरा कवितांच्या सगळ्या जोड्या करत बसू नका. चार-पाच पक्क्या करा. जोडी लावताना ‘दोन्हींत सत्ता आहे’ हे कारण चालत नाही, सगळ्यांतच आहे. सारखेपणा इतका अरुंद हवा की त्यातून फरक उघडा पडावा.

‘ओझिमँडियस’ आणि ‘डचेस’: दोन्हींत सत्ताधीशानं कलावंताकडून काम करून घेतलंय. राजाचा शिल्पकार त्याच्या हातातून निसटला, ड्यूकनं चित्रावर पडदा ओढून ठेवला. एका कलाकृतीला प्रेक्षक उरला तो वाटेवरचा प्रवासी, दुसरीला प्रेक्षक ड्यूक निवडून देतो. यावर सहज दीड पान होतं. ‘चार्ज’ आणि ‘एक्स्पोझर’: वर झालीच. ‘लंडन’ला मी ‘ओझिमँडियस’शी लावते, भरलेलं शहर आणि रिकामं वाळवंट. शाळेत बहुधा दुसरं काही सांगतील, तेही ऐका.

पायरी आठवी: पाठांतर आणि परिच्छेद

पुस्तक बंद असतं, तेव्हा पाठ करावंच लागतं. पण पाढे म्हणणाऱ्या पिढीला सवय असते तसं पूर्ण पाठ नको. एका कवितेचे चार तुकडे, प्रत्येकी तीन-चार शब्द. आमच्याकडे चिठ्ठ्या फ्रिजवर होत्या. एका रविवारी चकलीचा डबा उघडला तर आत चिठ्ठी, ‘नथिंग बिसाइड रिमेन्स’. खाल्ल्या कुणी ते विचारलं तर म्हणाली, ‘समवन हॅड ब्लंडर्ड.’ त्या दिवशी मी पाठांतराची चिंता सोडली.

परिच्छेद लिहिताना आधी म्हणणं, मग तुकडा, मग त्या तुकड्यातला शब्द, आणि सगळ्यात शेवटी, जमलं तर, तंत्राचं नाव. सुरुवातीच्या त्या अनुप्रासाच्या वाक्याचं आम्ही पुढे काय केलं ते दाखवते. मूळ ओळ: ‘द लोन अँड लेव्हल सँड्स स्ट्रेच फार अवे.’ तिचं नवं वाक्य, मराठीत: ‘राजाचा शब्द उद्गारचिन्हावर संपतो, वाळूची ओळ मात्र संपत नाही, पसरते, “लोन”, “लेव्हल” यातला लांबणारा ल आणि सपाट शब्द राजाच्या उंच पुतळ्याला जमीनदोस्त करतात, आणि शेवटचा शब्द “अवे” आपल्याला त्याच्यापासून दूर नेतो.’ अनुप्रास हा शब्द यात नाहीच. बाईंनी समासात काही लिहिलं नाही, फक्त बरोबरची खूण होती.

वेळ: या प्रश्नाला पाऊण तास धरा. त्यातली पहिली सात-आठ मिनिटं लिहायचं नाही. छापलेली कविता पुन्हा वाचायची, जोडी ठरवायची, चार मुद्दे समासात टिपायचे. मुलांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. घरी दोनदा घड्याळ लावून सराव केला की ती भीती जाते.

आता एक कविता मी मुद्दाम सोडली आहे. वर्ड्सवर्थच्या ‘प्रिल्यूड’मधला होडीचा उतारा. एक मुलगा संध्याकाळी दुसऱ्याची होडी गुपचूप सोडवतो, ऐटीत वल्हवत निघतो, आणि समोरच्या कड्यामागून एकदम एक डोंगर वर येतो. इथे राजा नाही, सेनापती नाही, माणूस विरुद्ध डोंगर. पेन न घेता दोनदा वाचा, मराठीत सांगा. मग बघा: बोलतोय तो मुलगा, की मोठा झालेला माणूस? डोंगराला वाक्य आहे का? आणि वळण सापडेल तिथे कवी म्हणतो, ‘अ ह्यूज पीक, ब्लॅक अँड ह्यूज’. एवढ्या मोठ्या कवीला त्या क्षणी दुसरा शब्द का सुचू नये? त्या दोन ‘ह्यूज’पासून सुरुवात करा.